चाळिशी उलटलेली मिनी आणि मालकाची सही

ब्रिटनमध्ये मोटार चाळीस वर्षांची झाली की तिच्या मालकावरची एक सक्ती उठते. एरवी गाडीला तीन वर्षे पूर्ण झाली की दर वर्षी ती गॅरेजमध्ये नेऊन तपासून घ्यावी लागते. एमओटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि सांगाड्याला लागलेला गंज पाहतात. एमओटी लागू असताना ती न करता गाडी चालवली तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चाळिशीनंतर मात्र व्ही ११२ नावाचा फॉर्म भरून मालक यातून मोकळा होतो. गाडी कुणाला दाखवावी लागत नाही, कुणी पाहायलाही येत नाही. गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा फेरफार झालेला नाही, एवढे त्याने आपल्या सहीनिशी सांगायचे. सरकार त्या सहीवर विश्वास ठेवते.

हा विश्वास योग्य आहे का, यावरून मार्च २०२५ मधल्या एका रविवारी लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी घरात मामा-भाच्यांची चांगलीच जुंपली. मामा मूळचे कोल्हापूरचे. १९७० च्या दशकात इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये राहिले. भाचा पिंपरी-चिंचवडचा. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून तो इकडे आला आणि आता एका गॅरेजमध्ये एमओटी टेस्टर आहे. वादाचे कारण म्हणजे मामांची लाल मिनी. ९९८ सीसीचे इंजिन, कारखान्यातून बाहेर पडली डिसेंबर १९८४ मध्ये, पहिली नोंदणी फेब्रुवारी १९८५ ची.

"हा फॉर्म. वाच आणि सही कुठे करायची ते दाखव," मामा म्हणाले.

"दाखवतो. पण मामा, तुम्ही ही सही करू नये असं मला वाटतं."

"का? कायदा मला सूट देतोय. ती मी मागून घेतलेली नाही."

"कायदा सूट देतोय हे खरं. पण तुम्हाला नेमकी कोणती सूट हवीये? इथे दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात."

भाच्याचे हे म्हणणे बरोबर होते, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळ लोकांची गल्लत इथेच होते. पहिली सूट रोड टॅक्सची. त्यासाठी गाडीची बांधणी चाळीस वर्षांपूर्वीची असावी लागते आणि हिशेब कॅलेंडर वर्षाने होतो. १ जानेवारी १९८५ पूर्वी बांधलेल्या गाडीचा टॅक्स १ एप्रिल २०२५ पासून माफ. दुसरी सूट एमओटीची. ती बांधणीला किंवा पहिल्या नोंदणीला चाळीस वर्षे पूर्ण झाली की त्याच तारखेपासून लागू होते. म्हणजे मामांच्या मिनीची एमओटीची सक्ती आधीच संपली होती, टॅक्स मात्र अजून चालू होता.

त्यातही मेख आहे. बांधणीची तारीख ठाऊक नसेल, तर ८ जानेवारी १९८५ पूर्वी नोंदलेली गाडी आधीच्या वर्षातली धरतात. मामांची नोंदणी फेब्रुवारीतली. म्हणजे पुरावा नसता, तर टॅक्समाफीसाठी त्यांना आणखी एक वर्ष थांबावे लागले असते. कारखान्याच्या नोंदींवरून तयार केलेला बांधणीचा दाखला त्यांनी आधीच मिळवून ठेवला होता. हा दाखला, व्ही ५ सी हे लॉगबुक आणि व्ही १० फॉर्म घेऊन टॅक्सचे काम करणाऱ्या पोस्ट ऑफिसात जायचे, की गाडीची नोंद ऐतिहासिक वर्गात होते. मग लॉगबुक स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहननोंदणी कार्यालयाकडून दुरुस्त होऊन परत येते. पुढच्या वर्षांपासून टॅक्स शून्य असला तरी तो दर वर्षी भरल्याची नोंद करावीच लागते. ते काम ऑनलाइन होते.

"टॅक्सचे दोनशे वीस पौंड वाचतील, तो भाग वेगळा," मामा म्हणाले. "माझा खरा खर्च यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या आकाराचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूलेझ सगळ्या लंडनभर पसरला, तेव्हापासून गाडी दारातून बाहेर काढली की साडेबारा पौंड. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो, साडेबारा. इंजिनाला जरा ऊन दाखवायला फेरी मारून आलो, साडेबारा. ऐतिहासिक वर्गात गेली की हे बंद होतं."

"मान्य. तो वर्ग घ्याच. पण त्यासाठी एमओटी सोडावी लागत नाही, मामा. पोस्टात चालू एमओटी चालते किंवा तिच्याऐवजी व्ही ११२ चालतो. तुमची एमओटी जूनपर्यंत आहे. म्हणजे टॅक्स गेला, यूलेझ गेला आणि व्ही ११२ ला हातही लावावा लागला नाही. एमओटी सोडून तुमचे वाचणार किती? तिची कमाल फीच चोपन्न पौंड पंच्याऐंशी पेन्स आहे."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. हा बारकावा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. पण मुद्दा पैशांचा नव्हताच, असे त्यांनी लगेच सांगितले, आणि ते खरे होते.

"पैशांसाठी नाही म्हणत मी. वर्षाला चारशे मैल चालते ही गाडी. ऑइल मी बदलतो, ब्रेकचं मी बघतो, खाली झोपून गंज मी खरवडतो. पन्नास वर्षं हेच केलंय. आणि सरकारनं हे काही हवेत ठरवलेलं नाही. १९६० पूर्वीच्या गाड्यांना २०१२ साली सूट दिली, तेव्हा परिवहन खात्यानं आकडे मांडले होते. देशातल्या एकूण गाड्यांत या गाड्या ०.६ टक्के, पण अपघातांत त्यांचा वाटा ०.०३ टक्के. दोनतृतीयांश गाड्या वर्षाला पाचशे मैलही चालत नाहीत. एमओटीत नापास होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, आणि बाकीच्या गाड्यांचं तीस टक्क्यांच्या वर. आता सांग, तपासणीची गरज कुणाला जास्त आहे?"

"हे आकडे कोणत्या गाड्यांचे आहेत, मामा?"

"आत्ताच सांगितलं की. १९६० पूर्वीच्या."

"ज्या तोपर्यंत दर वर्षी एमओटी करत होत्या, त्यांचे. दर वर्षी कुणीतरी त्यांच्याखाली उभं राहून टॉर्च मारत होतं, म्हणून मालकही आधीच डागडुजी करून आणत होते. तपासलेल्या गाड्या सुरक्षित निघाल्या, म्हणून यापुढे त्यांची तपासणीच नको, हे कसं?"

या युक्तिवादाला मामांकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखकालाही ते सापडलेले नाही. सूट देण्याच्या बाजूने मांडलेली आकडेवारी सक्तीच्या काळातली होती, ही या धोरणातली सर्वांत कच्ची वीट आहे.

एमओटीचा इतिहास पाहिला तर गोष्ट आणखी विचित्र वाटते. १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स परिवहनमंत्री असताना ही तपासणी सुरू झाली ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. महायुद्धापूर्वीच्या, झिजलेल्या ब्रेकच्या गाड्या तेव्हा रस्त्यांवर सर्रास धावत होत्या आणि धोका त्यांच्यापासूनच आहे असे सरकारला वाटत होते. लोक तिला 'दहा वर्षांची तपासणी' म्हणत. पुढे ही मर्यादा उतरत १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. जुन्या गाड्यांसाठी तपासणी जन्माला आली, पण आज सर्वांत जुन्या गाड्याच तपासणीबाहेर आहेत आणि तीन वर्षांची, जवळपास नवी गाडी मात्र दर वर्षी रांगेत उभी आहे.

मामांनी याचेही उत्तर तयार ठेवले होते. "१९६० ची जुनी गाडी आणि आजची जुनी गाडी यात फरक आहे. तेव्हा जुनी गाडी गरजेपोटी चालवायचे, नवी परवडत नव्हती म्हणून. आज जुनी गाडी लोक प्रेमानं ठेवतात. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी लंडन ते ब्रायटन रॅली बघायला चल. १९०५ पूर्वीच्या गाड्या असतात त्यात. कुणाचा ब्रेक हाताच्या दांड्याचा, कुणाचं स्टिअरिंग नौकेच्या सुकाणूसारखं. त्यांची तपासणी तू तुझ्या यंत्रावर कशी करणार?"

"नाहीच करणार. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. १९६० ची रेघ मला पटते. त्या गाड्या थोड्या, सावकाश चालणाऱ्या, त्यांचे मालक जाणकार. पण २०१८ मध्ये सरकारनं ती रेघ पुसून सरकती मर्यादा आणली. आता दर वर्षी एक नवी खेप आत येते. तुमची मिनी मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगानं जाते. १९८५ ची गाडी हा संग्रहालयातला नमुना नव्हे, रोज कामाला नेता येते आणि लोक नेतात."

२० मे २०१८ पासून लागू झालेल्या या बदलाआधी सरकारने लोकांची मते मागवली होती. २,२१७ उत्तरे आली. त्यांतल्या १,१३० जणांनी चाळीस वर्षांवरील गाड्यांना सूट देऊ नये असे कळवले, ८९९ जणांनी पाठिंबा दिला. सरकारने तरीही सूट दिली. त्या वेळी १,९७,००० मोटारींना आधीच सूट मिळालेली होती. नव्या नियमाने त्यांत आणखी २,९३,००० ची भर पडेल असे सांगितले गेले. बदलामागे युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश होता. त्यात ऐतिहासिक वाहनाची किमान वयोमर्यादा तीस वर्षे होती. ब्रिटनने ती चाळीस ठेवली, हे सांगणे मामांच्या बाजूने न्यायाचे होईल.

"पण एमओटीला तू जरा जास्तच डोक्यावर घेतोस," मामा म्हणाले. "माझ्या बसेसची तपासणी मी पाहिलीये, म्हणून सांगतो. तुमच्या तपासणीत इंजिन बघता? नाही. क्लच? नाही. गिअरबॉक्स? तोही नाही. गाडीचा एक नटसुद्धा खोलायची तुम्हाला परवानगी नाही. कार्पेट उचलायचं नाही. वरून काळं अंडरसील फासलं की आतला गंज तुम्हाला दिसतच नाही. आणि सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी ब्रेकपाइप फुटला तर तो कागद काय करणार?"

"यातलं एकही वाक्य मी खोडत नाही," भाचा म्हणाला. "चला, गाडीच बघू."

वाद तिथून गॅरेजमध्ये गेला, आणि मिनीबद्दल बोलायचे तर तो तिथेच व्हायला हवा होता. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९५९ मध्ये बाजारात आली आणि २००० पर्यंत निघत राहिली. ५३ लाखांहून अधिक मिनी बनल्या. दहा फूट लांबीत चार माणसे बसवण्यासाठी इसिगोनिस यांनी इंजिन आडवे टाकले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला आणि स्प्रिंगांच्या जागी रबराचे कोन बसवले. मागची चाके, त्यांचे आर्म आणि ते रबर हे सगळे एका पोलादी चौकटीला जोडलेले असते, ती मागची सबफ्रेम. मिनीचा जीव या सबफ्रेमपाशी आहे. चाकांनी उडवलेले पाणी, चिखल आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ तिच्या पोकळ बाजूंत साचते आणि ती आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. एमओटीत मिनी नापास होण्याचे हे जुने, ठरलेले कारण आहे.

मामांनी गाडी मागून जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवली होती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सबफ्रेमवर ठोकत नेले. आवाज सगळीकडे सारखा, भरीव येत होता. ही सबफ्रेम त्यांनी स्वतः बदललेली, मूळच्याच नमुन्याची. नियमांप्रमाणे त्याच नमुन्याची सबफ्रेम हा मोठा फेरफार धरत नाहीत. चॅसी किंवा मोनोकॉक सांगाडा बदलला, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा प्रकारच बदलला, मूळ मालिकेत कधीच नसलेले इंजिन घातले, तर सूट जाऊ शकते. मिळेनाशा झालेल्या भागांऐवजी गाडी टिकवण्यासाठी घातलेले भाग किंवा सुरक्षितता वाढवण्यासाठी केलेले सस्पेन्शनचे बदल चालतात. मिनीच्या मालिकेत १२७५ सीसीचे इंजिन होतेच, त्यामुळे तेही चालून जाते. होंडाचे इंजिन बसवायला पुढची चौकटच बदलणाऱ्या मिनीची गोष्ट वेगळी.

"आणि हे कुणी ठरवायचं? मालकानं," भाचा खालूनच बोलला. "होंडाचं इंजिन घातलेल्या मिनीवाल्यानंही व्ही ११२ वर तशीच सही केली, तर पोस्टातली बाई बॉनेट उघडून बघणार नाही."

"शंका असेल तर क्लबाच्या जाणकाराला विचारता येतं. ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या संघानं अशा माणसांची यादीच केलीये."

"ज्याला शंका येते तो विचारतो. ज्याला येत नाही त्याचं काय?"

हँडब्रेकची केबल मिनीत मागच्या आर्मवरच्या एका वाकड्या कडीतून वळते. ग्रीस मिळाले नाही तर ती कडी गंजून जाम होते आणि हँडब्रेक एकाच चाकाला नीट लागतो. भाच्याने दोन्ही कड्या हाताने फिरवून पाहिल्या. सैल, तेलकट, जशा असायला हव्यात तशा. ब्रेकपाइप तांब्याच्या मिश्रधातूचे, नवे. त्याच्या तोंडून नकळत "वा" निघाले. मग त्याने टॉर्च टायरच्या कडेवर धरला, बोटाने धूळ पुसली आणि चार आकडे मोठ्याने वाचले, "१४०९."

मामा काही बोलले नाहीत. टायरवरच्या या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २००९ सालचा चौदावा आठवडा. नक्षी जवळपास नव्यासारखी खोल होती, कारण गाडी चाललीच नव्हती. पण टायर सोळा वर्षांचा होता आणि खाचांच्या तळाशी रबराला बारीक भेगा पडू लागल्या होत्या.

"बसच्या पुढच्या चाकावर हा टायर तुम्ही ठेवला असता का?"

"बसला तर बंदीच आहे," मामा हळूच म्हणाले. फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस, कोच आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर वापरता येत नाही. मोटारीला असा नियम नाही. म्हणूनच मामांनी क्षणभराने मान वर केली. "पण थांब. एमओटीत तू मला यासाठी नापास केलं असतंस का?"

"नसतं केलं. वय हे नापास करण्याचं कारण नाही. नक्षी १.६ मिलिमीटरहून जास्त आहे, दोऱ्या दिसत नाहीत, गाडी पास. फार तर सूचनेत भेगा लिहिल्या असत्या."

"मग? तुझी तपासणी इथे उपयोगाची नव्हती."

"तपासणीचा नियम उपयोगाचा नव्हता. पण मी वाकून बघितलं म्हणून कळलं ना? तुम्ही गाडीखाली शंभरदा गेला असाल. दर वेळी सबफ्रेम बघितली, कारण तिची भीती तुमच्या मनात बसलीये. टायर कधी बघितला नाही, कारण तो नवा दिसतो. मी तुमच्याहून हुशार आहे म्हणून नव्हे, मी तुम्ही नाही म्हणून मला दिसलं."

एमओटीच्या बाजूने याहून चांगले बोलणे क्वचित ऐकायला मिळते. तपासणीची यादी अपुरी आहे, टेस्टर तरुण असेल तर त्याला रबरी कोनांसारखी जुनी रचना ठाऊक नसेल, हे सगळे मान्य केले तरी वर्षातून एकदा दुसऱ्या कुणीतरी गाडीखाली उभे राहणे याला मोल आहे. कमी चालणाऱ्या गाडीला तर ते जास्तच आहे. उभ्या गाडीचे ब्रेकऑइल हवेतला ओलावा ओढते, सिलिंडर जाम होतात, रबराच्या नळ्या कडक होतात. मैल कमी म्हणून झीज कमी, हे इंजिनापुरते खरे असेल. ब्रेकला आणि टायरला ते लागू होत नाही.

चहा घेताना मामांनी विषय मुंबईकडे नेला. "आपल्याकडे काय केलं बघ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी, अख्ख्या मुंबईची काळी-पिवळी. शेवटची टॅक्सी २००३ ची नोंदणी. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. गाडी चांगली आहे की वाईट हे कुणी विचारलं नाही, फक्त वय विचारलं. तसं करायचं का इथे?"

"टॅक्सी आणि घरची गाडी यांची तुलना नको," भाचा म्हणाला. "टॅक्सी दिवसभर पळते. इथेही भाड्यानं किंवा धंद्यासाठी चालणाऱ्या गाडीला ऐतिहासिक वर्ग मिळत नाही. लग्नाला भाड्यानं दिलेली जुनी रोल्स असली तरी नाही. पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. नुसत्या वयावरून गाडी काढणं चूक, तसंच नुसत्या वयावरून तपासणी माफ करणंही चूक."

भारताने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी केलेले नियम या वादाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. भारताने जुन्या गाडीला मान दिला आणि रस्ता काढून घेतला. ब्रिटनने रस्ता पूर्ण मोकळा ठेवला आणि तपासणी काढून घेतली.

मधली वाट युरोपातच आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, नीट जपलेल्या गाडीला 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते, पण दर दोन वर्षांनी तपासणी चुकत नाही. फ्रान्समध्ये संग्राह्य गाडीची तपासणी दर पाच वर्षांनी होते आणि १९६० पूर्वीच्या गाड्यांना माफी आहे. नेदरलँड्समध्ये माफीसाठी पन्नास वर्षे थांबावे लागते. जर्मनीत जुन्या गाड्यांचे प्रेम ब्रिटनहून कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. तिथल्या मालकांना दोन वर्षांनी एकदा गाडी दाखवणे अपमानाचे वाटत नाही.

"दर दोन वर्षांनी असती तर मी कुरकुर केली नसती," मामांनी कबूल केले. "पण एक लक्षात ठेव. सूट घेतली म्हणून मी जबाबदारीतून सुटत नाही. खराब अवस्थेतली गाडी चालवली तर अडीच हजार पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट, एमओटी असो वा नसो. आणि सूट मिळालेल्या गाडीचीही हवी तर एमओटी करून घेता येते. मोठ्या माणसांवर एवढा भरवसा तरी ठेवायला हवा."

"तुमच्यावर आहे, मामा. तुमच्यानंतर ही गाडी कोणाकडे जाईल त्याच्यावर ठेवायचा का?"

हा प्रश्न टोचणारा होता आणि भाच्याने तो हलक्या आवाजात विचारला. मामांच्या दोन्ही मुलांना मिनीत रस नाही. कधीतरी ती विकली जाईल. आज ब्रिटनमध्ये कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास कुणालाही ऑनलाइन फुकट पाहता येतो. कोणत्या वर्षी काय गंजले, काय बदलले, मीटरवर किती मैल होते, सगळे तिथे असते. मामांच्या मिनीचा तो इतिहास एखाद्या चांगल्या दवाखान्यातल्या केसपेपरसारखा सलग आहे. सूट घेतल्या दिवसापासून ती नोंद थांबते. दहा वर्षांनी घेणाऱ्याला चकचकीत लाल रंग दिसेल. आत काय झाले हे सांगणारा कागद नसेल.

प्रस्तुत लेखकाचे मत या ठिकाणी भाच्याच्या बाजूला झुकते, पण पूर्णपणे नाही. मामांसारख्या माणसाला दर वर्षी रांगेत उभे करून रस्ता फारसा सुरक्षित होत नाही. त्यांच्या हाताखाली गाडी आहे तोवर ती बहुतेक टेस्टरांच्या अपेक्षेहून चांगली राहील. आजच्या नियमातली चूक अशी की तो ही माफी गाडीच्या वयाला देतो, आणि वय गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. सांभाळणारे हात जात नाहीत. विश्वास माणसावर असेल तर माणूस बदलला की तो पुन्हा तपासायला हवा. सूट मिळालेली गाडी दुसऱ्याच्या नावावर होताना एक एमओटी सक्तीची करावी आणि एरवी जर्मनीसारखी दर दोन वर्षांनी. १९६० पूर्वीच्या गाड्यांना आजची पूर्ण सूट राहू द्यावी. एवढा बदल केला तर मामांचा स्वाभिमानही राहतो आणि त्यांची मिनी पुढे घेणाऱ्याचा जीवही.

तोवर हे मालकाच्या हाती आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांकडे चाळिशीला आलेली गाडी आहे, त्यांनी टॅक्सची आणि यूलेझची सवलत जरूर घ्यावी आणि एमओटी तरीही चालू ठेवावी. ज्यांना अशी गाडी विकत घ्यायची आहे, त्यांनी "हिला एमओटी लागत नाही" हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून थांबू नये. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत आणि पैसे देण्यापूर्वी नवी एमओटी करून मागावी.